खोटा तळ

विधीची बॅग डिकीत ठेवताना आत काच वाजली. आवाज अगदी बारीक होता, बांगडीवर बांगडी आपटावी तेवढाच, पण माझा हात तिथेच थांबला. जळगाव स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांचा गलका चालला होता, आमचा ड्रायव्हर धनसिंग मागच्या चाकाची हवा बघत वाकला होता, आणि माझी अठ्ठावीस वर्षांची मुलगी चहाच्या टपरीजवळून मोठ्याने ओरडली, "पप्पा, जपून! त्यात मासा आहे!" टपरीवर आमच्या जैन समाजाचे दोघे उभे होते. एकाचा कप ओठापाशीच राहिला. विधी हसत होती. मीही हसलो, कारण चारचौघांत दुसरं काय करणार? पण डिकी बंद करताना मनात पहिला विचार आला तो हा, की एवढ्या मोठ्याने जो सांगतो त्याला दुसरंच काहीतरी झाकायचं असतं. घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी गाडीच्या उशिराबद्दल बोलत राहिलो.

राजकुंवर, माझी बायको, म्हणते की संशय माझ्या रक्तातच आहे. तसं काही नाही. चाळीस वर्षं डाळीच्या मिलमध्ये काढली की कुणाचंही असंच होईल. तूर विकायला आलेला माणूस पोत्याचं तोंड उघडतो तेव्हा वरचा दाणा नेहमी चांगलाच असतो, टपोरा, कोरडा, एकसारखा. म्हणून आम्ही वरचा दाणा बघतच नाही. लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, पार खालपर्यंत, आणि तिथून निघेल तो दाणा दाताखाली फोडायचा. कटकन फुटला तर कोरडा, चिवट लागला तर पाणी मारलेलं. समोरचा शपथा घेत असतो, चहा मागवत असतो, घरच्यांची चौकशी करत असतो, आणि आपलं सगळं लक्ष आपल्या दाढेकडे. ह्या सवयीने मी कधी बुडालो नाही. मिल आता पुतण्या बघतो, पण सवय काही त्याला देता आली नाही, ती माझ्याबरोबर घरी आली. भाजीवालीच्या टोपलीतला मी खालचाच टोमॅटो उचलतो. डॉक्टर म्हणाला सगळं ठीक आहे, तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. फक्त विधीच्या बाबतीत माझं काही चालत नसे, कारण ती सगळं आपणहून सांगून टाकते. शाळेत असताना दारातूनच ओरडत यायची, "मम्मी, गणितात गेले!" अशा पोरीला काय विचारायचं आणि काय तपासायचं?

कोचीला एका संस्थेत ती खोल समुद्रातल्या एका माशाचा अभ्यास करते. आमच्या घरात पाणी गाळून पितात. मुंग्यांची रांग दिसली तर केर काढणं थांबतं. त्या घरातली मुलगी माशावर पीएच.डी. करते, हे समाजात सांगताना मी 'समुद्राचं संशोधन' एवढंच म्हणतो. आधी ती म्हणाली होती की कॉम्प्युटरचंच काम जास्त आहे. मग जहाजावर जायला लागली, तेही तिने सांगितलं. जाळं टाकतात, एका वेळी हजारो मासे येतात, वर येईपर्यंत बहुतेक मेलेले असतात, तेही सांगितलं. राजकुंवर तेव्हा फुलके लाटत होती. लाटणं थांबवून तिने विचारलं, "आणि खातेस का?" विधी म्हणाली, "नाही गं, मम्मी." राजकुंवरने लाटणं परत फिरवायला घेतलं, तिच्या दृष्टीने विषय संपला. मी ते पोतं नुसतं बाजूला ठेवलं. घेतलंही नाही आणि परतही पाठवलं नाही.

मग गेली संवत्सरी आली. त्या दिवशी आमच्यात सगळे सगळ्यांची माफी मागतात. सकाळपासून फोन वाजत असतो, मिच्छामि दुक्कडं, मिच्छामि दुक्कडं. वर्षभर ज्याचं तोंड बघितलं नाही त्यालाही म्हणायचं, ज्याने माल परत पाठवला त्यालाही म्हणायचं. कशाची माफी, असं कोणी विचारत नाही, तसं विचारण्यासारखं त्यात काही नसतंच. विधीचा फोन जहाजावरून आला. आवाज तुटत होता. "पप्पा, मिच्छामि दुक्कडं," ती म्हणाली आणि थांबली. मी ऐकत राहिलो. तिचा श्वास ऐकू येत होता आणि त्या श्वासात काहीतरी अडकलेलं होतं. मी विचारलं, "उपवास केलास ना?" ती म्हणाली, "हो." मग, "ठेवते, पप्पा." मी हातात फोन घेऊन गॅलरीत उभा राहिलो. दिवसभरात पन्नास जणांनी मला ते शब्द म्हटले असतील आणि एकालाही माफी नको होती. हिला हवी होती. दारातून ओरडत येणाऱ्या मुलीने पहिल्यांदाच माफी मागितली आणि कशाची ते सांगितलं नाही. मला ते स्वच्छ कळलं. हिने खाल्लंय. जहाजावर, परक्या मुलांत, कोणीतरी आग्रह केला असेल, आणि हिने खाल्लंय. ही गोष्ट मी राजकुंवरलाही बोललो नाही. चार महिने मी ती एकटाच बाळगून होतो, आणि खोटं कशाला बोलू, आतून पोखरला जात होतो.

त्यात धुळ्याचं स्थळ आलं. नवीनभाई कापडाचे मोठे व्यापारी, घर धार्मिक, मुलगा अर्हम वडिलांबरोबर दुकान बघतो. त्यांनीच होऊन विचारलं, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचं ठरलं. राजकुंवरचे गुडघे प्रवासाला तयार नसल्यामुळे मी आणि विधी दोघंच जाणार होतो. तिथे एक प्रश्न येणार हे नक्की होतं. तो प्रश्न मी घरातच विधीला विचारून टाकायला हवा होता, पण विचारला नाही. ती नाही म्हणाली असती तर मला खरं वाटलं नसतं, आणि हो म्हणाली असती तर मी कुठे जाणार होतो? म्हणून मी नळी खुपसायला लागलो. जेवताना सहज म्हणालो, "कोचीला सगळीकडे वासच वास असेल." ती म्हणाली, "सवय होते, पप्पा." सवय! तो शब्द मी रात्रभर चघळला. संध्याकाळी दिवे लागल्यावर तिने कप काढून कॉफी मागितली. राजकुंवर म्हणाली, "अगं, सूर्य मावळला." विधीने जीभ चावली आणि कप परत ठेवला. मावळल्यावर खायची तिची रीत पडली होती, हे तिच्या हाताला माहीत होतं.

बॅग तिने स्वतःच गच्चीवर ठेवली होती, टाकीच्या सावलीत. "मम्मीच्या स्वयंपाकघरापासून लांब," असं म्हणाली. ती आंघोळीला गेल्यावर मी वर गेलो. बॅग उघडली. टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बाटली होती, औषधाच्या बाटलीएवढी, आणि तिच्यात दोन बोटांएवढा मासा होता. अंगावरची चांदी ठिकठिकाणी खरवडून गेली होती. डोळे मात्र डोक्याच्या मानाने फार मोठे, तोंड उघडं, आणि पोटाखाली पिनेच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची रांग. झाकणाला स्पिरिटचा वास येत होता. म्हणजे तिने सांगितलं होतं तेच होतं. अमळनेरच्या कॉलेजात मुलांना दाखवायला आणलाय असंही ती म्हणाली होती, आणि कॉलेजच्या कार्यक्रमाचा कागदही शेजारीच होता. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं की वरचा दाणा फारच चांगला निघतोय. मी कपड्यांखाली हात घातला. तळाशी स्टीलचा डबा लागला. तो उघडून मी नाकाशी नेला. मेथीच्या खाखऱ्याचा वास आला. परत एकदा हुंगला, कडेला, झाकणाच्या रबराला. मी माझ्या मुलीचा डबा हुंगत होतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. खाली बाथरूमचं दार वाजलं तेव्हा मी घाईने बॅग बंद केली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पाळधी गेलं, एरंडोल आलं. पुढे रावेरकडून आलेले केळीचे ट्रक, त्यांच्या मागून धनसिंगचा हॉर्न. धनसिंगला गप्प बसवत नाही. त्याने आरशातून विचारलं, "ताई, तो तुमना मासा कितला खोल ऱ्हास?"

"दिवसा अर्धा किलोमीटर खाली, कधी त्याहून जास्त," विधी पुढे सरकून बसली. "उजेड जवळजवळ नाहीच. गार पाणी. आणि आपल्या अरबी समुद्रात त्या थरात प्राणवायू इतका कमी आहे की मोठे मासे तिथे टिकत नाहीत. हा टिकतो. म्हणून तो दिवसभर तिथे लपून राहतो."

"मंग तठे खास काय?"

"तिथे नाही खात. अंधार पडला की वर येतो, पाण्यातले बारीक जीव खातो आणि उजाडायच्या आत परत खाली. रोज. वर्षभराचं तर त्याचं आयुष्य, आणि त्यातला रोजचा दिवस हा असा."

रात्री खाणारा, असं मी मनात म्हटलं. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. विधी त्याला पोटावरच्या ठिपक्यांबद्दल सांगत होती. ते दिवे असतात म्हणे, अंगातल्या रसायनाचे, निळसर.

"दिवा लावस?" धनसिंगने मान वळवली. "मंग त्याले बठ्ठा देखतीन ना!"

"पुढे बघ, धनसिंग," मी म्हणालो.

विधी हसली. "सगळ्यांना दिसेल? उलट आहे, धनसिंगभाऊ. खालून कोणी वर बघितलं तर वरच्या मंद उजेडात ह्याची सावली दिसते. मोठा मासा त्या सावलीवर झडप घालतो. म्हणून हा वरून जेवढा उजेड येतोय तेवढाच पोटाला लावतो. कमी नाही, जास्त नाही. मग सावली पुसली जाते. उजेड करून लपतो तो."

"भलता हुशार शे," धनसिंग म्हणाला. त्याने ते जसंच्या तसं मान्य केलं. मी मात्र तिच्याकडे बघितलं. ती खिडकीतून येणाऱ्या उन्हात बसली होती, केस उडत होते, हातवारे चालले होते, चेहऱ्यावर काही म्हणता काही लपवलेलं नव्हतं. लहानपणापासून हा चेहरा असाच. एवढा उजेड कशासाठी? मला वाटलं, ही मला सांगतेय. माझ्या तोंडावर, ड्रायव्हरच्या देखत, ही मला सांगतेय की ती काय करते, आणि मला कळणार नाही अशी तिची खात्री आहे. पारोळ्याच्या अलीकडे ती आणखी एक सांगत होती. जहाजावरचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून तळ किती खोल ते ठरवतं. पण हे मासे इतके दाट असतात की आवाज त्यांच्यावरच आपटून परत यायचा. जुने खलाशी तोच तळ समजायचे. मग रात्र झाली की तळच वर यायला लागायचा आणि सगळ्यांची गाळण उडायची.

"मग खरा तळ नाही, हे कळलं कसं?" मी विचारलं. प्रवासातला माझा तो पहिला प्रश्न होता.

"जाळं टाकून बघितलं, पप्पा."

"जाळ्यात तर मरतात ना ते."

"हो," ती म्हणाली आणि मागे टेकून बसली.

नवीनभाईंनी दारात येऊन हात धरला. घर प्रशस्त, जेवण साधं आणि चांगलं. अर्हम कमी बोलणारा निघाला. कमी बोलणारी माणसं मला एरवी आवडतात, पण तो सारखा विधीकडे बघून स्वतःशी हसत होता, काहीतरी माहीत असल्यासारखा. माझं जेवणात लक्ष नव्हतं. मी प्रश्नाची वाट बघत होतो. तो अर्हमच्या आईने, पुनमबेनने विचारला, पाणी वाढता वाढता, अगदी मऊ आवाजात. "विधीबेटा, समुद्रावर इतके इतके दिवस जाता, तर खाण्याचं कसं करता?"

विधीने घास गिळला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ती पुनमबेनकडेच बघत होती, आणि तिचं तोंड उघडताना मला दिसलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं, की ही आता सांगणार. ही काही झाकून ठेवणारी पोरगी नाही, दारातून ओरडणारी आहे, ही सगळ्यांसमोर सांगणार की एकदा खाल्लंय. मी कधी नव्हे ते एवढ्या मोठ्याने बोललो. "समुद्रावर कुठली जाते! ती आपली ऑफिसात, कॉम्प्युटरवर. जहाजबिहाज काही नाही. माशाला आजवर हातसुद्धा लावलेला नाही तिने."

पुनमबेनच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अर्हमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "पण काका," तो म्हणाला, "मी तर यांचा व्हिडिओ बघितलाय. जहाजावरचा. त्या जाळ्यातून मासे वेगळे करताना सांगतात, की मी जैन आहे, जहाजावर आठ-आठ दिवस खाखरा आणि डाळ-भातावर काढते, आणि हे काम करताना मला त्रास होतो, तरी का करते. तो बघूनच मी घरी म्हटलं, की ह्या मुलीला विचारा." तो बापाकडे वळला. "तुम्हाला दाखवला होता ना?"

नवीनभाईंनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी ओळखली. हजार वेळा मी तशीच नजर समोरच्यावर टाकली होती, दाणा दाताखाली चिवट लागल्यावर. मग ते फार नम्रपणे म्हणाले, "खीर घ्या ना, भिकमचंदभाई." निघताना म्हणाले, "कळवतो आम्ही." काय कळवणार ते मला तिथेच कळलं. मुलगी खरी होती, बाप खोटा निघाला, आणि सोयरिक घराशी करायची असते.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पारोळा मागे पडल्यावर विधी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला वाटलं मी खाते?"

मी बाहेर बघत होतो.

"मी सांगितलं होतं की नाही म्हणून."

"संवत्सरीला तू फोन केलास," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तू थांबलीस. मला वाटलं, तू माझी माफी मागतेयस."

ती सांगायला लागली, पण सकाळी धनसिंगला सांगत होती तशी नाही. "त्या दिवशी जाळं वर आलं होतं. संवत्सरी आहे हे मला फोन बघून कळलं. समोर परातीत हजारो होते, एवढे एवढे. मला त्यांना म्हणायचं होतं. पण मेलेल्यांची माफी कशी मागायची? समोरच्याने केलं माफ असं म्हणायला हवं ना. म्हणून तुम्हाला लावला. वाटलं, त्यांच्या वतीने तुम्ही म्हणाल. तुम्ही उपवासाचं विचारलंत."

गाडी चालत राहिली. मला तिची माफी मागायची होती, तिथल्या तिथे. पण त्यासाठीचे शब्द मी दर वर्षी पन्नास जणांना फुकट वाटले होते. मी तिचा हात धरायला गेलो तर तिने तो धरू दिला, पण तो हात माझ्या हातात नुसता पडून राहिला. एरंडोलला धनसिंगने चहाचं विचारलं. नको म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. राजकुंवरने पानं घेतलीच होती, सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून. मी हातपाय धुऊन बसलो. विधी समोर बसली. राजकुंवरने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. ती माझ्याबरोबर तेहतीस वर्षं राहिली आहे. "काय झालं धुळ्याला?" तिने विचारलं. "यांनी तिथे काही तपासणी काढली का?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, हातातला घास मी ताटात परत ठेवला होता.

"पप्पांनी?" विधी हसली. "पप्पा तर गप्प बसले होते बिचारे. मलाच मुलगा आवडला नाही, मम्मी. दुकानाच्या पलीकडे काही बोलतच नाही. मी तिथेच नाही म्हणून आले."

"तिथेच? त्यांच्या तोंडावर?" राजकुंवरचा पारा चढला. "एवढ्या चांगल्या माणसांकडे जाऊन अशी वागतेस? तुझ्या बापाला काय वाटलं असेल?" ती बराच वेळ बोलत राहिली. विधीने सगळं ऐकून घेतलं, मधे मधे "सॉरी, मम्मी" म्हणाली, आणि उठून माझ्या ताटात फुलका वाढला. "जेवा, पप्पा. उजेड चाललाय." मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पापणी हलली नाही, आवाज चढला नाही की उतरला नाही. माझी मुलगी माझ्यासमोर खोटं बोलत होती, जन्मात पहिल्यांदा, आणि मी धुळ्याला गेलो नसतो तर ह्या एका बोलण्यावर मी लगेच विश्वास ठेवला असता.